पायाने मारलेली हाक

आमच्या घरात तोंडाने हाक मारायची पद्धतच नव्हती. खाली दादाचं सुतारकामाचं दुकान, वर आम्ही राहायचो आणि मध्ये जाड फळ्यांचा मजला. खाली करवतीचं मशीन सुरू असलं की शेजारच्या माणसाचं बोलणंही कळायचं नाही, मग वरून ओरडून घसा कोण फोडून घेणार? जेवायला बोलवायचं असलं की वहिनी टाच आपटायची. दादाला चहा हवा असला की तो खालून लांब पट्टीने छताला ठोसे द्यायचा. आईवडिलांच्या वेळेपासून हेच चालत आलं होतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा सुरुवातीला तिला वाटलं होतं, या घरातली माणसं सदानकदा एकमेकांवर रागावलेली असतात. नंतर तीही आमच्यासारखीच धडाधड टाचा आपटायला लागली.

मी दादाची धाकटी बहीण. लग्नाच्या फंदात पडले नाही, दुकानात पॉलिशचं काम करते. माझी जीभ पॉलिश पेपरपेक्षा खरखरीत आहे असं दादा म्हणतो. असेल. पण ही गोष्ट सांगायला गुळगुळीत जीभ काय कामाची?

वहिनी लग्नाआधी बालवर्गात बाई होती. नोकरी सुटली तरी बाईपण सुटलं नव्हतं. गल्लीतल्या आया कडेवर पोरं घेऊन तिच्याकडे यायच्या आणि ती त्यांना फुकट शहाणपण वाटायची. बाळाला वस्तू दाखवा, नाव सांगा, मग गप्प बसून वाट बघा. सगळं हातात आयतं देऊ नका. मोबाइल दूर ठेवा. पोराची दुसऱ्या पोराशी तुलना करू नका. मी खाली खुर्च्यांचे पाय घासता घासता म्हणायचे, आली बघा उंटावरून शेळ्या हाकणारी. पण खरं सांगायचं तर तिचं सांगणं बरोबर निघायचं. समोरच्या शिंपीणबाईची मुलगी हाकेला वळत नाही हे तिनेच हेरलं होतं. मुलीचे कान सर्दीने भरलेले निघाले, औषधाने बरे झाले, आणि तेव्हापासून शिंपीणबाई वहिनीच्या शब्दाबाहेर जात नाही.

तिची शिकवायची एक खास रीत होती. नुसतं बोलून तिला भागतच नसे. ससा म्हटलं की डोक्यावर दोन बोटं उभी राहायची, वारा म्हटलं की सबंध अंग डोलायचं. गाणं तर ती म्हणण्यापेक्षा नाचायचीच जास्त. बालवर्गात वर्षानुवर्षं काढल्यावर हात आपोआपच बोलायला लागतात, ती म्हणायची.

मग तिला मुलगा झाला. दादाला पोर होईल ही आशा आम्ही जवळजवळ सोडलीच होती, त्यामुळे त्याचं किती कौतुक झालं ते विचारू नका. तो सारखा गुणगुणायचा. रांगायला लागल्यावर खाली आणला की माझ्या कामाच्या टेबलाला गाल चिकटवून, मशीन चालू असेपर्यंत एका सुरात घूं करत बसायचा. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यासारखा. म्हणून त्याचं नाव भुंगा पडलं ते पडलंच.

वहिनीने भुंग्यावर आपली सगळी विद्या पणाला लावली. दादाकडून तिने लाकडाची कडी करून घेतली, एकात एक बसणारे प्याले करून घेतले, गोल, चौकोनी, तिकोनी भोकांची पेटी करून घेतली. दादाने प्रत्येक तुकड्याची कड इतकी मऊ घासली की मी म्हटलं, गिऱ्हाइकाच्या कपाटाला एवढी मेहनत घेतली असतीस तर आज आपण वर आणखी एक माडी चढवली असती. पोरगं हुशार होतं. चालायला लागायच्या आधी प्याले उतरंडीसारखे रचायचं. आईच्या गाण्यातला ससा, मासा, वारा सगळं हुबेहूब करून दाखवायचं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, दादा तर त्याचे हात बघून म्हणायचा, हा मोठा कारागीर होणार.

बोलत तेवढा नव्हता. पण आमचा दादाही उशिराच बोलायला लागला होता, आणि अजून तरी तो कुठे बोलतो? बापावर गेलाय, असं म्हणून आम्ही सगळे मोकळे झालो. वहिनी मात्र मोकळी झाली नाही, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. तिने परीक्षा घेतली. भुंगा पाठमोरा खेळत असताना तिने मागे पातेल्याचं झाकण पाडलं. तो झटकन वळला. लांबून पावलं टाकत येऊन पाठीमागे टाळी वाजवली. तो वळला आणि हसला. जेवायच्या वेळी तिने टाच आपटली की आमच्या सगळ्यांच्या आधी तो ताटापाशी हजर. त्या दिवशी ती खाली येऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, कान ठणठणीत आहेत, जीव भांड्यात पडला. मलाही बरं वाटलं.

मग मजल्याला वाळवी लागली. सुताराच्याच घराला वाळवी लागावी याची सगळ्या गल्लीने पोट धरून मजा लुटली. दादाने एक फळी उचलली तर खालची तुळई हाताने चुरा होत होती. जिवाशी खेळ नको म्हणून आम्ही समोरच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गवंडी दादाला म्हणाला, आता लाकूड विसरा, सिमेंटचा मजला घालून देतो, सात पिढ्या बघायला नको. दादाला ते जिवावर आलं. पण वाळवीने त्याचं तोंडच बंद केलं होतं. त्याने होकार दिला.

भाड्याच्या खोल्यांत खाली दगडी फरशी होती. थंडगार, गुळगुळीत. तिथे गेलो आणि भुंगा बदलला.

बोलावलं की येईना. मागून नाव घेतलं तर ढिम्म. टाळ्या वाजवा, ताट आपटा, हा आपला पाठ करून प्याले रचत बसलेला. जेवायला रोज हाताला धरून आणावं लागायचं. समोर जाऊन उभं राहिलं की दचकून रडायचा. मी म्हटलं, जागा बदलली म्हणून बावरलाय, रुळेल. वहिनी म्हणाली, बावरलेलं पोर आईला चिकटतं, हा तर आईला ओळख दाखवत नाही. आठवड्यामागून आठवडे गेले, तो काही रुळला नाही.

एकदा दार उघडं राहिलं आणि भुंगा रस्त्याच्या दिशेने चालू लागला. दादा त्याच्या मागे हाका मारत धावला. पोरगं वळूनसुद्धा बघेना, रमत गमत पुढेच. समोरून टेम्पो येत होता. दादाने त्याला दंडाला धरून खेचला, आणि ज्या माणसाने आयुष्यात कुत्र्यावरही हात उगारला नव्हता त्याने त्याच्या गालावर चपराक ओढली. भुंग्याला ती का बसली हे कळलंच नाही. तो बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. दादा त्या दिवशी जेवला नाही.

त्यानंतर वहिनीने ठरवलं की पोर हट्टी झालंय, आणि ते आपण दोघांनी लाडावून ठेवल्यामुळे. तिला हे बालवर्गातून माहीत होतं. अशी मुलं तिने पाहिली होती, सरळ केली होती. तिने नियम घातला. तोंडाने मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. आणि हाकेला ओ देत नाही तोवर त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही. लक्ष मिळालं नाही की मूल आपोआप ताळ्यावर येतं, ती म्हणाली.

मी भांडले. मी म्हटलं, तीन वर्षांच्या पोराशी कसली ही अडवाअडवी? वहिनी म्हणाली, "तुला पोर असतं तर कळलं असतं." हे ती कधी म्हणत नसे. म्हणाली आणि तिचाच चेहरा पडला. मी उठून दुकानात गेले.

पाण्याचा प्रसंग माझ्यासमोर घडला. भुंगा खेळून घामेजून आला आणि त्याने वहिनीचा पदर ओढला. ती भिंतीकडे बघत म्हणाली, पाणी म्हण. त्याने पुन्हा ओढला. मग तो तिच्या मांडीवर चढला, दोन्ही हातांनी तिचे गाल धरले आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. त्याची ही जुनीच सवय होती, तान्हा होता तेव्हापासूनची. काही हवं असलं की आधी आईचं तोंड आपल्याकडे वळवून घ्यायचं. वहिनीने मान सोडवून घेतली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. तिचे डोळे भरले होते, मी पाहिले. पण ती वळलीच. त्याने परत तोंड वळवलं, तिने परत फिरवलं. मी तांब्याला हात घातला तर तिने मला खुणेनेच अडवलं. शेवटी भुंगा मांडीवरून उतरला. रडलाही नाही. स्टूल ओढत मोरीपर्यंत नेलं, वर चढला आणि नळाला तोंड लावून पाणी प्याला.

काही दिवसांत तो सगळंच असं करायला लागला. डब्यातून बिस्किट स्वतः काढायचा, झोप आली की स्वतः जाऊन आडवा व्हायचा. पदर ओढणं बंद झालं. वहिनी शिंपीणबाईला सांगत होती, थोडं कठोर व्हावं लागतं, पण बघा, स्वतःचं स्वतः करायला लागला. मी ऐकत होते. मलाही वाटलं, हिची विद्या खरी ठरली बहुतेक.

मग एका दुपारी आमच्या अरुंद गल्लीत रुग्णवाहिका अडकली. समोरून मालाची गाडी आली होती, कुणालाच मागे सरता येईना, आणि तिचा भोंगा आमच्या खिडकीबाहेर कोकलत राहिला. शिंपीणबाईची मुलगी कानांवर हात ठेवून किंचाळत होती. गल्लीतली सगळी पोरं खिडक्यांना लोंबकळत होती. मला स्वतःला तो आवाज दातांत जाणवत होता. वहिनी खिडकी लावायला धावली आणि वळली, तर भुंगा तिच्याकडे पाठ करून फरशीवर बसला होता. एका प्याल्यात दुसरा प्याला बसवत होता. त्याची मानसुद्धा हलली नव्हती.

वहिनी तिथेच थांबली. रुग्णवाहिका निघून गेली तरी ती उभीच. मग ती त्याच्या मागे गेली, नाव घेतलं. मोठ्याने घेतलं. कानाशी टाळी वाजवली. काही नाही. मग तिने पाय उचलून फरशीवर टाच आपटली, जोरात, आणि त्याच्याकडे बघितलं. पुन्हा आपटली. त्या दगडाला काय होणार? ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना.

"त्याला आपण कधी ऐकूच आलो नाही," ती म्हणाली. "त्याला फळ्या कळायच्या. पायाखालून."

दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका मिट्ट? झाकण फळ्यांवर पडलं होतं. टाळी वाजवायला ती फळ्यांवरून चालत गेली होती. जेवणाची हाक तर आम्ही सगळेच टाचेने मारत होतो. दुसऱ्या कुठल्याही घरात पोराचं हे वर्षाच्या आत कळलं असतं. आमच्याच घरात ते तीन वर्षं लपलं, आणि लपवलं ते आमच्या रीतीने. मी तिथे खाली बसले.

कान तपासणाऱ्या बाईंच्या खोलीला भिंतभर मऊ गाद्या होत्या. भुंग्याला वहिनीच्या मांडीवर बसवून त्यांनी कितीतरी वेळ नाना आवाज सोडले. तो समोरच्या खेळण्याकडे बघत राहिला. मग बाईंनी आम्हाला नीट, काही न लपवता सांगितलं. जन्मापासूनच असं आहे. यंत्र लावू, त्याने मोठे आवाज थोडेफार कळतील, बोलणं कळेल याची खात्री नाही. आता त्याची भाषा हातांची आणि चेहऱ्याची, ती तुम्ही तिघांनी शिकायची आणि त्याला द्यायची. आधी कळलं असतं तर पाळण्यापासूनच देता आली असती.

वहिनीने विचारलं, उशीर झालाय का? बाई म्हणाल्या, "ताई, झालाय. पण सुरुवात करता येते. एकच गोष्ट लागते, त्याने तुमच्या तोंडाकडे बघितलं पाहिजे. बघणारं मूल कधीही शिकतं. त्याच्याकडे दुसरी वाट नाही." वहिनीने मान हलवली. ती वाट कोणी बंद केली ते बाईंना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि वहिनीला माहीत होतं की मला माहीत आहे.

दादा त्याच संध्याकाळी गवंड्याकडे धावला. म्हणाला, सिमेंट थांबवा, मला फळ्याच हव्यात, उसनं लाकूड आणतो पण फळ्या हव्यात. गवंड्याला वाटलं, याचं डोकं फिरलं. मजला सकाळीच ओतून झाला होता. दादा त्या ओल्या सिमेंटकडे बघत उभा राहिला आणि मग रस्त्यावर, येणाऱ्या जाणाऱ्यांसमोर, लहान पोरासारखा रडला.

आम्ही परत राहायला गेलो. घर आता भक्कम आहे, खालच्या मशीनची थरथर वर येतच नाही. भुंग्याने पहिल्या दिवशी जमिनीला गाल लावला, थोडा वेळ तसाच पडून राहिला आणि उठला. पुन्हा त्याने कधी गाल लावला नाही. गुणगुणणंही थांबलं. आम्ही अजून त्याला भुंगाच म्हणतो, आमच्या आमच्यात.

वहिनीने हातांची भाषा शिकायला घेतली आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे गेली. जाणारच. तिचे हात जन्मभर त्यासाठीच तयार झाले होते. पाणी, भूक, ये, बघ, आई, दुखतंय, माझं, तुझं. ती हे इतकं सुरेख करते की मी पॉलिशचा बोळा हातात धरून बघत राहते. भुंगा मात्र तोंडाकडे बघत नाही. कुणाच्याच नाही. दादा काम करत असला की त्याच्या हातांकडे बघतो, स्क्रू कसा फिरतो ते बघतो. दादाने त्याच हातांनी खूण केली की नजर खाली. माझ्याकडे यंत्रासारखा येतो, हवं ते घेतो, जातो. त्याला आमची गरज लागू नये अशी शिस्त आम्ही लावली होती ना, ती पक्की बसली. वहिनीने शिकवलेलं कधी कच्चं राहिलं नाही.

शिंपीणबाई एकदा समजूत घालायला आली. म्हणाली, लहान आहे, विसरेल. वहिनी तिला म्हणाली, "लहानपणी शिकलेलं विसरत नाही. मीच तुम्हाला सांगायचे." आणि उठून आत गेली. आता तिच्याकडे कुणी आई पोर घेऊन येत नाही. येऊ देतच नाही ती.

मला तिचा राग येतो. अजून येतो, मी लपवत नाही. भिंतीकडे वळलेली तिची मान आठवली की अंगाचा तिळपापड होतो. आणि मग ती सकाळी सगळी कामं बाजूला टाकून पोरासमोर बसते, तेव्हा पोटात तुटतं. दोन्ही एकदम होतं. याला काय म्हणतात मला माहीत नाही.

काल मी वर गेले तेव्हा भुंगा खिडकीपाशी ठोकळे रचत होता. वहिनी त्याच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. त्याने मान डावीकडे वळवली की ती डावीकडे सरकायची, उजवीकडे वळवली की उजवीकडे. हसतमुख. तिने स्वतःकडे बोट केलं, मग हाताने आई म्हटलं, हळू, स्वच्छ, पुन्हा पुन्हा. जायला जागा उरली नाही तेव्हा भुंग्याने हातातला ठोकळा खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. ओठ घट्ट, हात मांडीवर. वहिनी वाट बघत राहिली. वाट बघणं तिला येतं. बराच वेळ गेला. मग तिने हात खाली घेतले. त्याने डोळे उघडले, ती अजून समोरच आहे हे पाहिलं, आणि पुन्हा मिटले.